ब्रिटनमध्ये विकले गेलेले पहिले दूरचित्रवाणी संच आणि पोटमाळ्यावरची आरशाची पेटी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर लंडनमध्ये घेतलेल्या जुन्या घराच्या पोटमाळ्यावर आपल्याला अक्रोडाच्या लाकडाची, कमरेएवढ्या उंचीची एक पेटी सापडली. तिचे वरचे झाकण उघडले की झाकणाच्या आत आरसा दिसतो आणि त्याच्या खाली छताकडे तोंड करून बसवलेली मोठी गोल काच दिसते. घर विकणाऱ्यांनी ‘हा ब्रिटनमधला पहिला टीव्ही’ असे सांगितले. आपण मात्र असे वाचले की पहिला संच बेअर्ड यांचा ‘टेलिव्हायझर’ होता आणि तो १९३० साली विकला गेला. तेव्हा यातले खरे काय, ही पेटी नेमकी कोणती, तिच्या झाकणात आरसा का, आणि ती एकदा सुरू करून पाहावी का, असे आपण विचारले आहे.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सर्वात आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही : पेटी विजेला जोडू नका, क्षणभरही नाही. कारण पुढे सविस्तर सांगतो. मी १९७० च्या दशकात मुंबईत दूरदर्शन सुरू झाल्यानंतर व्हॉल्व्हच्या (ट्रान्झिस्टरच्या आधी वापरल्या जाणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांच्या) संचांवर हात बसवला आणि नंतरची जवळजवळ तीस वर्षे ब्रिटनमध्ये युद्धपूर्व संच दुरुस्त करण्यात घालवली. या पेट्यांबद्दल मला जे ठाऊक आहे ते बहुतेक त्यांच्या पाठीमागे बसूनच कळलेले आहे.

‘पहिला संच कोणता’ या प्रश्नाला दोन प्रामाणिक उत्तरे आहेत आणि दोन्हींच्या मध्ये सहा वर्षांचे अंतर आहे. ज्याला दुकानात जाऊन पैसे मोजून घरी नेता येत होते आणि ज्यावर नियमित प्रक्षेपण दिसत होते असे पहिले यंत्र म्हणजे १९३० चा बेअर्ड टेलिव्हायझर. आज आपण ज्याला दूरचित्रवाणी संच म्हणतो, म्हणजे पिक्चर ट्यूब (जिच्या तोंडाच्या काचेवर चित्र उमटते ती निर्वात नळी), आवाज आणि चित्र या दोहोंचा ग्राहक (म्हणजे संकेत पकडणारा रिसीव्हर), असे सगळे एका पेटीत असलेले आणि स्वतःपुरते पूर्ण यंत्र, ते मात्र १९३६ च्या उत्तरार्धात आले. आपली पेटी पहिल्या प्रकारची नक्कीच नाही. ती दुसऱ्या प्रकारच्या घराण्यातली आहे.

टेलिव्हायझरविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याच्याकडे खेळणे म्हणून पाहण्याची सवय अनेकांना आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. स्कॉटलंडमधल्या हेलन्सबरा गावात १८८८ साली जन्मलेल्या जॉन लोगी बेअर्ड यांनी १९२५ साली लंडनच्या सेल्फ्रिजेस या मोठ्या दुकानात हलत्या छायाकृती लोकांना दाखवल्या, आणि २६ जानेवारी १९२६ रोजी सोहो भागातल्या फ्रिथ स्ट्रीटवरच्या आपल्या खोल्यांमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सदस्यांसमोर माणसाचा चेहरा छायाप्रकाशासह दाखवला. त्यामागची मूळ कल्पना त्यांची नव्हती. भोके पाडलेली फिरती तबकडी वापरून चित्राचे ओळीओळीने तुकडे करायचे, ही युक्ती पॉल निपकोव यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये पेटंट केली होती. बेअर्ड यांनी ती चालवून दाखवली, आणि मग ती विकायलाही काढली.

३० सप्टेंबर १९२९ रोजी बीबीसीच्या लंडन केंद्रावरून बेअर्ड कंपनीचे प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झाले. तेव्हा प्रक्षेपक एकच मिळत असल्यामुळे वक्त्याचे मुके चित्र आणि त्याचा आवाज एकत्र न जाता आळीपाळीने पाठवावे लागत. मार्च १९३० च्या अखेरीस ब्रुकमन्स पार्क येथील दोन प्रक्षेपक उपलब्ध झाले आणि चित्र व आवाज एकाच वेळी जाऊ लागले. त्या वेळी पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनल्ड यांच्या १० डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानीही एक टेलिव्हायझर बसवण्यात आला होता. याच वर्षी प्लेसी कंपनीने बनवलेले संच २५ गिनींना विकले जाऊ लागले. गिनी म्हणजे २१ शिलिंग, म्हणजे हिशेब २६ पौंड ५ शिलिंगांचा होतो. कारखान्यातल्या कामगाराला त्या काळी आठवड्याला तीन पौंडांच्या आसपास मिळत. असे सुमारे एक हजार संच बनले, असे साधारणपणे मानले जाते. याखेरीज सुटे भाग घेऊन घरीच संच जुळवणारे हौशी लोकही होते.

पत्र्याच्या पेटीत सुमारे २० इंच व्यासाची ॲल्युमिनियमची पातळ तबकडी असते आणि तिच्या कडेजवळ सर्पिल रेषेत ३० भोके असतात. विजेची मोटर ती मिनिटाला ७५० फेऱ्यांनी फिरवते, म्हणजे सेकंदाला साडेबारा चित्रे होतात. तबकडीच्या मागे सपाट पत्रा असलेला निऑन दिवा असतो. रेडिओतून येणाऱ्या संकेताप्रमाणे तो कमीजास्त उजळतो, आणि प्रत्येक भोक त्याच्यासमोरून जाताना चित्राची एक उभी ओळ काढते. तीस उभ्या ओळींचे हे चित्र तबकडीवर जेमतेम दोन इंच उंच आणि एक इंचाहूनही कमी रुंद असते, आणि ते भिंगातून मोठे करून पाहायचे. निऑनमुळे रंग नारिंगी-गुलाबी. चित्राची उंची-रुंदी ७ ला ३ अशी ठेवलेली होती, कारण एका माणसाचा चेहरा किंवा उभी आकृती एवढेच त्यात नीट मावणार होते. ३० ओळी आणि प्रत्येकीत ७० बिंदू असे धरले तर सगळे चित्र २,१०० बिंदूंचे होते.

या यंत्रात मला सर्वात आवडणारी गोष्ट म्हणजे तबकडीचा वेग स्टुडिओतल्या वेगाशी जुळवून ठेवण्याची सोय. तबकडीच्याच दांड्यावर ३० दात्यांचे एक लोखंडी चाक असते आणि त्याच्या दोन बाजूंना विद्युतचुंबक असतात. सेकंदाला साडेबारा चित्रे आणि प्रत्येकात ३० ओळी, म्हणजे संकेतामध्ये सेकंदाला ३७५ वेळा येणारा एक ठोका आपोआप असतोच. तोच ठोका चुंबकांना दिला की तो दात्यांना पकडून ठेवतो आणि तबकडी भरकटत नाही. पकड मात्र दुबळी असते. मी एका दुरुस्त केलेल्या टेलिव्हायझरसमोर बराच वेळ बसलो आहे, आणि वेगाच्या नॉबवर बोट ठेवूनच बसावे लागते हे अनुभवाने सांगतो. पण चित्र एकदा स्थिर झाले की २,१०० बिंदूंतूनही माणूस ओळखू येतो, तो हसला की कळते, आणि त्याने मान वळवली की आपली मानही नकळत वळते.

तरीही टेलिव्हायझरला मी ‘पूर्ण संच’ म्हणत नाही. तो रेडिओला जोडायचा जोडसंच होता. चित्रासाठी एक रेडिओ ग्राहक आणि आवाजासाठी दुसरा, असे दोन रेडिओ घरात असतील तरच बोलते चित्र दिसे. मध्यम लहरींवरचे प्रक्षेपण असल्याने ते लंडनपासून खूप दूरवरही पोहोचत असे, ही त्याची जमेची बाजू. पण त्या लहरींवर जागा इतकी अरुंद होती की ओळींची संख्या वाढवणे शक्यच नव्हते. ऑगस्ट १९३२ पासून हे कार्यक्रम बीबीसीने स्वतःच्या स्टुडिओतून करायला घेतले आणि ११ सप्टेंबर १९३५ रोजी ते बंद केले. त्या दिवशी तीस ओळींचा प्रत्येक विकला गेलेला संच, त्यात काहीही बिघडलेले नसताना, निरुपयोगी झाला.

ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण आपल्या पेटीची ओळख पटवण्यासाठी तिचाच उपयोग होणार आहे. दूरचित्रवाणी संच विकत घेणारा माणूस लाकूड, काच आणि तारा यांच्याबरोबर एक प्रक्षेपण-मानकही विकत घेत असतो, आणि ते मानक किती दिवस टिकेल हे त्याच्या हातात नसते.

१९३४ साली सरकारने लॉर्ड सेल्स्डन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जानेवारी १९३५ मध्ये तिने शिफारस केली की लंडनमध्ये उच्च दर्जाची सेवा सुरू करावी, चित्र किमान २४० ओळींचे असावे, आणि दोन स्पर्धक पद्धती आलटूनपालटून चालवून पाहाव्यात. एक पद्धत बेअर्ड कंपनीची, २४० ओळी आणि सेकंदाला २५ चित्रे यांची. दुसरी मार्कोनी-ईएमआय कंपनीची, ४०५ ओळींची. उत्तर लंडनच्या टेकडीवरील अलेक्झांड्रा पॅलेस या जुन्या करमणूक-वास्तूच्या एका भागात दोन्हींचे स्टुडिओ थाटले गेले. ऑगस्ट १९३६ मध्ये ऑलिम्पिया येथील रेडिओ प्रदर्शनात जमलेल्या लोकांना चाचणी प्रक्षेपण दाखवण्यात आले आणि नियमित सेवेचे उद्घाटन २ नोव्हेंबर १९३६ रोजी झाले. पहिला मान कोणाचा हे नाणेफेकीने ठरले व तो बेअर्ड पद्धतीला मिळाला. पुढे एक आठवडा एक पद्धत, दुसऱ्या आठवड्यात दुसरी, अशी पाळी चालली. कार्यक्रम दुपारी तीन ते चार आणि रात्री नऊ ते दहा, रविवारी सुटी.

दोन्ही पद्धतींमधला फरक प्रेक्षकाला डोळ्यांनीच कळत असे. बेअर्ड यांच्या पद्धतीत मोठा प्रसंग दाखवायचा तर तो आधी फिल्मवर चित्रित करून, ती फिल्म तिथल्या तिथे धुऊन, सुमारे मिनिटभराने ओली असतानाच प्रकाशात वाचली जाई. निवेदकाला अंधाऱ्या खोलीत फिरत्या प्रकाशझोतासमोर बसावे लागे. आयझॅक शोएनबर्ग यांच्या नेतृत्वाखाली ॲलन ब्लमलाइन, मॅक्गी आदी अभियंत्यांनी ईएमआयमध्ये उभ्या केलेल्या पद्धतीत ‘एमिट्रॉन’ हा पूर्ण इलेक्ट्रॉनिक कॅमेरा होता, जो स्टुडिओच्या दिव्यांत आणि उघड्यावरही चाले. शिवाय चित्र काढण्याची तिची रीत वेगळी होती : आधी एक सोडून एक ओळी काढायच्या आणि मग परत वर येऊन मधल्या ओळी भरायच्या, म्हणजे पूर्ण चित्रे सेकंदाला २५ च असली तरी पडदा सेकंदाला ५० वेळा उजळतो आणि डोळ्यांना लुकलुक जाणवत नाही. २४० ओळींच्या चित्रात मात्र ती लुकलुक चांगलीच जाणवे.

४०५ हा आकडा विचित्र वाटतो, पण तो नीट विचार करून निवडलेला आहे. ओळींची संख्या विषम असली की प्रत्येक अर्ध्या फेरीत दोनशे साडेदोन (२०२.५) ओळी येतात, आणि त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसऱ्या फेरीच्या ओळी पहिलीच्या बरोबर मधोमध पडतात. दुसरे असे की ४०५ म्हणजे तीन चार वेळा गुणून मग पाचने गुणलेली संख्या. त्या काळच्या व्हॉल्व्हच्या मंडलांना (सर्किटांना) तीनने किंवा पाचने भागणे भरवशाने जमत असे, त्यामुळे ओळींची गती आणि चित्रांची गती एकाच मूळ ठोक्यातून भागाकार करत काढता येत होती. सेकंदाला १०,१२५ ओळी आणि ५० अर्धचित्रे. ती ५० ची गती वीजपुरवठ्याच्या ५० आवर्तनांशी बांधलेली होती, म्हणजे संचात विजेची गुणगुण शिरून चित्रावर पट्टा उमटलाच तर तो निदान सरकत राहत नसे.

आता १९३६ च्या शरदात दुकानात काय मिळत होते ते पाहू. मार्कोनीफोन ७०१ व ७०२ आणि एचएमव्ही ९०० व ९०१ हे ईएमआय घराण्यातले संच. दोन्ही नावांखाली आतली यंत्रणा एकच. रेडिओसहित असलेला संच १२० गिनींना आणि केवळ दूरचित्रवाणीचा ९५ गिनींना मिळे. ९५ गिनी म्हणजे ९९ पौंड १५ शिलिंग. फोर्ड कंपनीची छोटी बंद मोटार १९३५ साली १०० पौंडांना मिळत होती, म्हणजे घरासमोर मोटार उभी करायची की दिवाणखान्यात ही पेटी ठेवायची, असा तो सरळ हिशेब होता. बेअर्ड कंपनीचा टी-५ हा संच ८५ गिनींचा होता. त्याची पिक्चर ट्यूब आजच्यासारखी समोर तोंड करून बसवलेली होती, आरसा नव्हता. याशिवाय जीईसी, कॉसर, फिलिप्स, फेरँटी, पाय, एको या कंपन्याही या धंद्यात आल्या. सुरुवातीच्या संचांना दोन्ही मानके दाखवावी लागत असल्यामुळे त्यांत २४० आणि ४०५ ओळींमध्ये बदल करणारा स्विच होता.

झाकणात आरसा का, हेही आपण विचारले आहे. १२ इंचांची पिक्चर ट्यूब तेव्हा फार लांब मानेची असे, कारण इलेक्ट्रॉनांचा झोत अगदी लहान कोनातच वळवता येत होता. कोन लहान म्हणजे पडद्यापर्यंतचे अंतर जास्त. अशी ट्यूब आडवी ठेवली तर पेटी भिंतीपासून खोलीच्या मध्यापर्यंत येईल. म्हणून ती उभी ठेवायची आणि वर पडणारे चित्र झाकणातल्या तिरप्या आरशात पाहायचे. आरशात उलटणारे चित्र सरळ दिसावे म्हणून झोत आडवा फिरवणाऱ्या वेटोळ्याच्या तारा उलट जोडलेल्या असतात. आरसा काढून थेट ट्यूबवर पाहिले तर अक्षरे उलटी दिसतील. याचा एक फायदा मला फार मोलाचा वाटतो : ट्यूब फुटलीच तर काचेचा मारा छताकडे जातो, समोर बसलेल्या मुलांवर नाही.

फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्ड पद्धत बंद करून ४०५ ओळींचेच मानक ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. त्यानंतर बनलेल्या संचांना २४० ओळींच्या स्विचची गरजच उरली नाही. म्हणून आपल्या पेटीत तो स्विच असेल, किंवा तो असल्याची खूण तरी उरलेली असेल, तर ती १९३६ च्या पहिल्या पिढीतली असण्याची शक्यता खूप वाढते. तसे काही नसेल तर ती १९३७ ते १९३९ या काळातली समजावी. फक्त झाकणातला आरसा पाहून निर्णय देऊ नये, कारण आरशाचे संच युद्धापर्यंत अनेक कंपन्यांनी बनवले. मधल्या काळात किमतीही वेगाने उतरल्या; १९३८ पर्यंत पाच इंचांच्या ट्यूबचा छोटा संच ३० गिनींच्या आसपास मिळू लागला होता. आपली काच जवळजवळ फूटभर रुंद आहे, म्हणजे ती या स्वस्त संचांतली नाही.

घर उत्तर लंडनमध्ये आहे ही बाबही जुळते. अलेक्झांड्रा पॅलेसचे चित्र ४५ मेगाहर्ट्झवर आणि आवाज ४१.५ मेगाहर्ट्झवर जात असे, आणि भरवशाचे अंतर साधारण २५ मैलांचे मानले जाई. या लहरींसाठी छतावर सव्वातीन मीटरच्या आसपास लांबीची उभी दांडी लागे, आणि अनेक घरांवर तिच्यामागे दुसरी दांडी जोडून इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा एरियल लावलेला असे. आपल्या धुराड्यावर जुने लोखंडी पट्टे किंवा त्यांचे भोक उरले आहे का ते पाहून ठेवा. रस्त्यालगतच्या घरांमध्ये एक तक्रार नेहमीची होती : मोटार गेली की चित्रावर पांढऱ्या ठिपक्यांचा सडा पडे. या पद्धतीत उजेड जास्त तर संकेत जास्त अशी रचना असल्यामुळे इंजिनाच्या ठिणगीचा प्रत्येक कडकडाट पांढरा ठिपका होऊनच उमटत असे.

अशा पेट्यांबरोबर एक कथा हमखास ऐकू येते, तेव्हा तिच्याविषयीही सांगतो. ‘आजोबांनी संच घेतला आणि काही दिवसांतच क्रिस्टल पॅलेस जळाला, मग युद्ध संपेपर्यंत चित्रच दिसले नाही’, असे लोक मनापासून सांगतात. क्रिस्टल पॅलेस ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री जळाला आणि तिथे बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा होत्या, हे दोन्ही खरे आहे. पण बीबीसीचे प्रक्षेपण तिथून होतच नव्हते. क्रिस्टल पॅलेस दक्षिण लंडनमध्ये आणि अलेक्झांड्रा पॅलेस उत्तर लंडनमध्ये. नावातल्या साम्यामुळे हा घोळ होतो. आग लागल्यावरही सेवा चालू राहिली आणि तिचे सर्वात चांगले दिवस त्यानंतरचेच आहेत : १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नरवरून थेट दाखवली गेली, त्याच वर्षी विम्बल्डनचे सामने दिसले, आणि सप्टेंबर १९३८ मध्ये म्युनिकहून परतलेले पंतप्रधान चेम्बरलेन हेस्टनच्या विमानतळावर उतरताना लोकांनी घरी बसून पाहिले.

सेवा थांबली ती १ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धामुळे. इतक्या उच्च वारंवारतेचा स्थिर प्रक्षेपक शत्रूच्या विमानांना वाट दाखवू शकतो ही भीती होती, आणि ही विद्या जाणणारे अभियंते रडारच्या कामाला हवे होते. तोपर्यंत सुमारे २० हजार संच विकले गेले होते. त्यातले बरेचसे सात वर्षे चादरीखाली गेले, आणि ७ जून १९४६ रोजी प्रक्षेपण पुन्हा सुरू झाले तेव्हा त्याच ४०५ ओळींवर सुरू झाल्यामुळे ते परत लावता आले. १९६४ पासून ६२५ ओळींचे प्रक्षेपण शेजारी उभे राहिले तरी ४०५ ओळी जानेवारी १९८५ पर्यंत चालू होत्या. म्हणजे १९३६ साली ९५ गिनी देणाऱ्या माणसाच्या संचावर, तो नीट राखला असता तर, ४८ वर्षांनंतरही बातम्या दिसल्या असत्या. १९३० च्या खरेदीदाराचा संच पाच वर्षांतच निरुपयोगी झाला, हे आठवले की दोन्ही ‘पहिल्या’ संचांमधला फरक स्पष्ट होतो. पेटी तेव्हाच्या घरमालकाने फेकून न देता माळ्यावर का ठेवली असेल, याचेही थोडे उत्तर यात असावे.

आता वीज न जोडण्याचे कारण. मुंबईत आम्ही ज्या संचांवर शिकलो त्यांत पिक्चर ट्यूबला लागणारा विजेचा उच्च दाब झोत आडवा फिरवणाऱ्या मंडलातून तयार होत असे. त्याचा झटका जोरदार बसायचा, माणूस मागे फेकला जायचा, पण त्या मंडलात प्रवाह देण्याची ताकदच थोडी असल्याने बहुतेकजण वाचायचे. त्यामुळे आमच्या हाताला एक बेफिकिरी जडली होती. युद्धपूर्व संचांत चार-पाच हजार व्होल्टचा दाब थेट मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरमधून घेतलेला असतो, आणि तो ट्रान्सफॉर्मर जीव जाईपर्यंत प्रवाह देत राहतो. ब्रिटनमध्ये अशा पहिल्या पेटीवर काम करताना मी सवयीने एक हात चेसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) ठेवला होता आणि दुसरा आत घालणार होतो. शेजारी उभ्या असलेल्या वृद्ध कारागिरांनी माझे मनगट पकडून तो बाजूला ओढला. त्या दिवसापासून मी एक हात खिशात ठेवूनच या संचांच्या मागे बसतो, आणि शिकायला येणाऱ्या प्रत्येकाकडून तेच करवून घेतो.

धोका फक्त माणसाला नाही. ऐंशीहून अधिक वर्षांत मेणाच्या कागदाचे कंडेन्सर गळू लागलेले असतात, तारांवरचे रबर भुसभुशीत होऊन गळून पडलेले असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल मुरलेली असते. अशा स्थितीत ‘पेटतो का पाहू’ म्हणून बटण दाबले तर पहिल्या मिनिटातच तो ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, आणि तसा दुसरा बाजारात मिळत नाही. हाताने गुंडाळून घ्यावा लागतो. एका कुटुंबाने नाताळच्या पाहुण्यांसमोर असाच संच लावला आणि मग मला बोलावले. ट्यूब शाबूत होती, बाकी आतले सगळे काळे पडले होते. तो संच पुन्हा उभा करायला मला दोन हिवाळे लागले.

म्हणून तूर्त एवढेच करा. पेटी उभीच ठेवा, आडवी करू नका, आणि हलवताना ट्यूबच्या मानेला कोणाचा हात लागू देऊ नका. ती आतून निर्वात आहे आणि तिची काच जुनी आहे. आरसा पुसू नका, कारण मुलामा काचेच्या पुढच्या बाजूला असेल तर तो कापडाबरोबर निघून येईल. लाकडाला पॉलिश लावू नका. पोटमाळ्यावर जुने कागद असतील तर ते टाकू नका; दुकानाची पावती, एरियल बसवणाऱ्याचे बिल किंवा सूचनापुस्तिका मिळाली तर संचाचा इतिहास पक्का होतो. ट्यूबच्या काचेवर मधोमध तपकिरी डाग दिसला तर घाबरू नका. विद्युतचुंबकाने झोत वळवणाऱ्या ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉन वळतात, पण त्यांच्याबरोबर निघालेले जड आयन जवळजवळ वळतच नाहीत, ते सरळ मध्यावर आदळत राहतात आणि तिथला लेप जाळतात. असा डाग म्हणजे संच खूप पाहिला गेला होता, याचा पुरावा आहे.

दुरुस्ती करायचीच ठरली तर ती शक्य आहे, मात्र जुन्या उच्चदाब मंडलांचा अनुभव असलेल्या माणसाकडूनच. आज हवेत ४०५ ओळींचा संकेत नाही, पण आजचे चित्र ४०५ ओळींत बदलून ४५ मेगाहर्ट्झवर देणारी छोटी उपकरणे हौशी मंडळी बनवतात, आणि त्यांच्या साह्याने मी असे संच चालवले आहेत. तुलनेसाठी खरे टेलिव्हायझर आणि १९३६ चे संच पाहायचे असतील तर ब्रॅडफर्डच्या राष्ट्रीय विज्ञान व माध्यम संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे.

निश्चित ओळख सांगण्यासाठी मला तीन छायाचित्रे लागतील : झाकण उघडून समोरून सगळ्या नॉबांसह, मागची जाळी न उघडता पाठीमागून, आणि मागच्या पट्टीवरचा मॉडेल व अनुक्रमांक वाचता येईल असे जवळून. फोटो काढण्यापूर्वी मेन्सची तार भिंतीपासून सुटी आहे ना, एवढे एकदा पुन्हा पाहून घ्या.